थांब्यावरची सावली दुपारी दोनला सरते

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "आमच्या घराजवळच्या बस थांब्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ असतात. सोबत सामानाची ढकलगाडी आणि एक लहानसा कुत्रा. मागच्या आठवड्यात दुपारी चारला ते फुटपाथवर आडवे दिसले. झोपले असतील असं समजून मी गाडी पुढे नेली आणि रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते बसलेले दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला. पुन्हा तसं दिसलं तर काय करायचं? शेल्टरमध्ये, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यात, जा म्हटलं तर नको म्हणतात. मी पाणी देते, आणखी काय द्यावं? आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत, ९११ ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर काही झंझट मागे लागेल का? सासूबाई नागपूरहून आल्या आहेत. त्या म्हणतात, ४६ डिग्री आम्हीही काढतो, इथली माणसं उन्हानं मरतात कशी? आणि एक दिवस ते दिसलेच नाहीत, तर चौकशी कुठे करू?"

ताई, पुन्हा तसं दिसलं तर काय करायचं ते आधी सांगतो. बाकीचं नंतर, कारण इथे हिशोब मिनिटांचा आहे.

गाडी बाजूला लावा, उतरा आणि दोन हात अंतरावरून मोठ्यानं हाक मारा. कुत्रा सोबत आहे, तेव्हा एकदम वाकून अंगाला हात लावू नका. मालक निपचित पडला असेल तर शांत कुत्राही चावतो. हाकेला उत्तर आलं नाही, तर छाती वरखाली होते आहे का हे दहा सेकंद नीट बघा आणि मग खांदा हलवा. ते जागे झाले तर तीन साधे प्रश्न विचारा: नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत. उत्तरं सरळ आली तर पाणी द्या, सावलीत सरकायला मदत हवी का विचारा आणि निघा. पण ते जागेच होत नसतील, शब्द जड येत असतील, ते भलतंच बोलत असतील, कारण नसताना अंगावर धावून येत असतील किंवा डोळे उघडून पुन्हा मिटत असतील, तर लगेच ९११.

चूक होते ती नेमकी इथेच. "प्यायलेला दिसतोय" म्हणून लोक पुढे जातात. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. बाहेरून ते दारू चढल्यासारखंच दिसतं. दारू खरोखर प्यायलेली असली तरी उष्माघात होतोच, उलट लवकर होतो. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, असंही धरून चालू नका. घामानं चिंब माणसालाही तो झालेला असतो.

९११ ला पहिलं वाक्य जागेचं सांगा: कोणते दोन रस्ते जिथे मिळतात तो कोपरा, आणि बस थांबा. दुसरं वाक्य: वैद्यकीय मदत हवी, माणूस शुद्धीवर नाही किंवा गोंधळलेला आहे, ऊन लागल्यासारखं वाटतं. पोलिसांची गरज नसेल तर तसं स्पष्ट सांगा. फोन करणाऱ्याचा व्हिसा तिथे कोणी विचारत नाही. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात, प्रामाणिक हेतूनं आणि मोबदला न घेता संकटात मदत करणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षणही आहे. ती भीती मनातून काढून टाका.

अँब्युलन्स येईपर्यंत हातावर हात ठेवून उभं राहायचं नाही. आधी माणूस तापलेल्या फरशीवरून उचलला गेला पाहिजे. तुमच्या गाडीत दोन कामाच्या वस्तू आत्ताही आहेत: पायाखालचे मॅट आणि काचेला लावायचा चंदेरी पडदा. मॅट त्यांच्या पाठीखाली आणि पायांखाली सरकवा, पडदा डोक्यावर धरायला कोणाला तरी सांगा. कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता आणि पुठ्ठ्यानं जोरात वारा घाला. फिनिक्सची हवा कोरडी, त्यामुळे ओल्या अंगावरचा वारा इथे चांगला गारवा देतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी दमटपणा आला की त्याचा गुण कमी होतो, तेव्हा बर्फच हवा. शेजारी गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, असेल तर कोणाला तरी बर्फाच्या पिशवीसाठी पळवा. बर्फ मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत आणि जांघेत ठेवायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप वेगळा आहे, गोळीनं उतरत नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणूनच फिनिक्सच्या अग्निशमन दलानं २०२४ च्या उन्हाळ्यापासून बर्फ भरलेल्या जलरोधक पिशव्या वापरायला सुरुवात केली. रोग्याला त्या पिशवीत घालून, रुग्णालयात पोचण्याआधीच थंड करत नेतात.

आणखी एक शक्यता डोक्यात असू द्या. श्वास अगदी मंद किंवा घरघर लागलेली, ओठ निळे किंवा राखाडी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी लक्षणं फेंटानिलसारख्या अफूवर्गीय औषधाचा डोस जास्त झाल्याची असतात. त्यावर नाकात मारायचा नॅलॉक्सोनचा फवारा आहे, नारकॅन नावानं तो २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. एका नाकपुडीत एक फवारा, दोन-तीन मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. रोग्यानं अफूवर्गीय औषध घेतलेलं नसलं तरी या फवाऱ्यानं काही बिघडत नाही, त्यामुळे शंका असेल तर मारावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. ऊन आणि औषध दोन्ही एकदम असू शकतात, तेव्हा गार करणंही सोडू नका. हा फवारा पर्समध्ये ठेवा, गाडीच्या कप्प्यात नको. ४० अंशांपेक्षा जास्त उष्णता त्याला चालत नाही आणि इथली बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो रास्त आहे, आणि नागपूर-चंद्रपूरकडेही उष्माघातानं माणसं दगावतात हे त्यांना ठाऊक असेलच. तरी फरक आहे. माणसाचं शरीर दिवसभराची उष्णता रात्री बाहेर टाकतं. फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै २०२३ या काळात पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याच्यावर गेला. जुलैच्या १९ तारखेला रात्रीचं सर्वांत कमी तापमान ९७ फॅरनहाइट होतं, म्हणजे ३६ सेल्सियस. पहाटेच्या गारव्यात अंग टाकावं म्हटलं तर गारवाच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता ओकत राहतं, आणि रस्त्यावरचा माणूस त्याच्यावरच आडवा होतो. विदर्भात मृगाचा पाऊस आला की सुटका होते. इथे २०२४ मध्ये मे अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग ११३ दिवस पारा १०० फॅरनहाइटच्या खाली राहिला असा एकही दिवस नव्हता.

मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स आणि भोवतालच्या शहरांत मिळून, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले सुमारे ४५ टक्के लोक बेघर होते. पन्नास लाखांजवळ वस्तीच्या काउंटीत बेघर म्हणून मोजली जाणारी माणसं जेमतेम दहा हजारांच्या घरात आहेत. एवढ्याशा संख्येतून जवळजवळ निम्मे मृत्यू! २०२४ मध्ये एकूण आकडा थोडा उतरला, ६०८ झाला.

ते सगळे निव्वळ उन्हानं गेलेले नसतात, उन्हाला आतून साथ मिळालेली असते. रस्त्यावर पन्नाशी गाठलेल्या माणसाचं शरीर घरातल्या सत्तरीसारखं झालेलं असतं. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी काढून टाकतात. स्किझोफ्रेनियाची काही औषधं घाम येऊ देत नाहीत. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर तेच औषध विषासारखं साठतं. मेथॅम्फेटामिन, इथल्या रस्त्यांवर मेथ नावानं मिळणारं नशेचं द्रव्य, शरीराची उष्णता वाढवतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि तहान-थकवा कळूच देत नाही. मधुमेह्याचं वापरात असलेलं इन्सुलिन साधारण ३० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. ढकलगाडीतल्या पिशवीत ते जुलैमध्ये लवकर बिघडतं. बाटली तशीच दिसते, सुई तशीच टोचली जाते, साखर मात्र चढत राहते. तुमच्या गृहस्थांना मधुमेह असेल आणि ते "औषध घेतो" म्हणत असतील, तर ते ठेवतात कुठे, हे विचारा.

भाजण्याचं तर बाहेरच्या माणसाला खरंच वाटत नाही. ऐन उन्हाळ्यात दुपारी इथलं डांबर ७० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. चक्कर येऊन त्यावर कोसळलेला, उठू न शकणारा माणूस काही मिनिटांत खोलवर भाजतो. मधुमेहानं तळपायाची संवेदना गेलेल्याला तर चटका बसल्याचं कळतच नाही, फोड फुटून पू झाल्यावर कळतं. व्हॅलीवाइज रुग्णालयाच्या अ‍ॅरिझोना बर्न सेंटरमध्ये असे रोगी दर उन्हाळ्यात येतात. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं गार पाणी सोडायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कापडानं सैल झाकायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. कुत्र्याचे पंजेही बघा.

खोकल्याबद्दल थोडं. रस्त्यावरच्या माणसाचा आठवडे चाललेला खोकला, ताप, थकवा म्हटलं की क्षयाची शंका येते, आणि ती तपासायलाच हवी. पण या वाळवंटी मातीत एक बुरशी आहे, तिच्या धुळीतून व्हॅली फीव्हर होतो. धुळीची वादळं येतात तिथे उघड्यावर झोपणाऱ्याच्या छातीत ती जाणारच. न्यूमोनिया समजून दिलेली अँटिबायोटिक्स त्यावर चालत नाहीत. गृहस्थ खोकत असतील तर डॉक्टरांना व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करायला सांगा, एवढा शब्द त्यांच्या कानावर घाला.

काय द्यावं? पाणी द्या, पण कसं ते बघा. गाडीच्या ट्रंकमध्ये पडून तापलेली बाटली कोणी पीत नाही. अर्ध्या लिटरच्या बाटल्या पाऊण भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी दिलेली गोठलेली बाटली आधी मानेला लावायला होते, मग वितळेल तशी प्यायला. मोठा कॅन देऊ नका, तो उचलून फिरणं त्यांना जमत नाही. उन्हात चालणाऱ्या माणसानं दर १५-२० मिनिटांनी पेलाभर प्यावं, पण तासाला दीड लिटरच्या वर नको, नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. म्हणून दिवसातून एखादी बाटली जलसंजीवनीची असू द्या. घरी करणार असाल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं घालू नका. मधुमेही असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

खाणं देताना दातांकडे लक्ष द्या. रस्त्यावरच्या कितीतरी जणांचे दात पडलेले किंवा दुखरे असतात, त्यांना चिवडा-शेंगदाणे चावत नाहीत. केळं, मऊ ब्रेड, ओढून उघडणारा डबा चालतो. शिजवलेलं अन्न या उन्हात तासाभराच्या वर ठेवू नये, तेव्हा डबा द्याल तर समोर खातील तेवढाच द्या. सासूबाईंच्या हातचा दहीभात त्यांना रुचेल की नाही ते विचारून बघा, पण तो उरवून ठेवू देऊ नका.

वस्तूंत सगळ्यात उपयोगी म्हणजे जाड तळव्याचे बंद बूट, सोबत सुती मोज्यांचे दोन-तीन जोड. बुटाचं माप विचारून घ्या. सैल बुटानं जखम होते. रुंद काठाची टोपी, पातळ फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, पाणी फवारायची बाटली, छत्री, आणि अंगाखाली घालायला जाड फोमची चटई. दुपारी तापल्या जमिनीपासून अंग वेगळं राहणं ही इथे चैन नाही. मोठा तंबू नको, तो बंद केला की आत भट्टी होते.

आता त्या थांब्याकडे जरा नीट बघा. छप्पर आहे, पण बाक लोखंडी असेल तर ऊन आलं की त्याला हात लावता येत नाही. सकाळी छपराची सावली बाकावर असते, मग ती सरकत जाते. तुम्हाला ते चारला फुटपाथवर आडवे दिसले, म्हणजे सावली त्याआधीच हलली असणार. कदाचित ते सावलीमागे सरकत गेले आणि शेवटी जिथे सावली उरली तिथे पडले. एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बघा, किती वाजता सावली पूर्ण जाते. दोनला जात असेल, तर मदत दोनच्या आधी पोचायला हवी, संध्याकाळी ऑफिसातून परतताना नव्हे.

त्या वेळी त्यांनी जायचं कुठे? २११ ला फोन करा, हा अ‍ॅरिझोनाचा मदत-माहिती क्रमांक आहे. उन्हाळ्यात काउंटीभर हीट रिलीफ नेटवर्क चालतं. त्यात तीन प्रकार आहेत, आणि फरक न कळल्यामुळे माणसं हेलपाटे घालतात. एक, नुसती पाणपोई: पाणी मिळतं, थांबता येत नाही. दोन, थंडावा केंद्र: एसीत बसता येतं, बहुतेक वाचनालयं यात येतात. तीन, विश्रांती केंद्र: तिथे आडवंही होता येतं. फोनवर चार गोष्टी विचारा: यातला कोणता प्रकार, किती वाजता बंद होतं, कुत्रा चालतो का, आणि तिथवर नेण्याची सोय आहे का. रविवारी आणि रात्री काय उघडं असतं, हेही वेगळं विचारा. बरीच केंद्रं संध्याकाळी बंद होतात, आणि रात्र तर वर सांगितल्यासारखी. शहरानं २०२४ पासून काही केंद्रं रात्रभर उघडी ठेवायला सुरुवात केली, पण ती मोजकी आहेत.

शेल्टर नको म्हणतात, हा हट्ट समजू नका. कुत्रा आत घेतात का? ढकलगाडी कुठे ठेवायची? शंभर अनोळखी माणसांत सामान राहील का? बाहेर पडलं तर रात्री परत घेतील का? या प्रश्नांची उत्तरं त्यांनी कधीतरी चटका बसून शिकलेली असतात. डाउनटाउनच्या पश्चिमेला असलेल्या 'की कॅम्पस' या बेघरांच्या मदत केंद्राभोवती एकेकाळी हजाराच्या आसपास माणसं तंबूत राहत, त्या वस्तीला 'द झोन' म्हणत. न्यायालयाच्या आदेशानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पूर्ण हटवली. अनेकांना छत मिळालं, हे खरं. पण जे पांगले, ते दवाखान्यांच्या आणि मदत पथकांच्या नजरेआड गेले. अशा उठवाउठवीत ओळखपत्र, औषधं, चष्मा कचऱ्यात जातो. ढकलगाडी सोडायला ते का तयार नाहीत, ते यावरून कळेल. त्यांची सगळी कागदपत्रं त्यातच असतात. ओळखपत्र हरवलेलं असेल तर त्याच कॅम्पसवर होमलेस आयडी प्रोजेक्ट जन्मदाखला आणि ओळखपत्र मिळवून देण्याचंच काम करतो. ओळखपत्र झालं की सरकारी आरोग्यविम्याचा, इथे त्याला अ‍ॅक्सेस म्हणतात, अर्ज पुढे सरकतो. त्याला कायमचा पत्ता लागत नाही. ते माजी सैनिक आहेत का, हेही एकदा विचारा. असतील तर बेघर माजी सैनिकांसाठी ८७७-४२४-३८३८ ही चोवीस तासांची लाइन आहे, आणि त्यांच्यासाठी घराच्या वेगळ्या योजना आहेत.

दवाखान्यासाठी सर्कल द सिटी ही संस्था लक्षात ठेवा. सिस्टर अ‍ॅडेल ओ'सलिव्हन या डॉक्टर असलेल्या ख्रिस्ती धर्मभगिनीनं ती सुरू केली, २०१२ मध्ये तिचं विश्रांती-रुग्णालय उघडलं. रुग्णालयातून "आता बरे आहात" म्हणून सोडलेला, पण फुटपाथवर बरा होऊ न शकणारा माणूस तिथे राहून जखम भरू देतो. त्यांची पथकं रस्त्यावरही फिरतात, पाणी कमी झालेल्याला जागेवरच सलाइन लावतात. हे गृहस्थ कधी रुग्णालयात दाखल झाले, तर सोडण्याआधी तिथल्या समाजसेविकेला "मेडिकल रेस्पाइट मिळेल का" असं विचारायला हवं. एकदा फुटपाथवर परत सोडल्यावर ती जागा मिळवणं फार कठीण जातं.

कुत्र्याचा प्रश्न आजच काढा. अँब्युलन्समध्ये चढायला नकार देण्याचं ते फार मोठं कारण असतं, आणि त्या क्षणी चर्चेला वेळ नसतो. "तुम्हाला कधी दवाखान्यात न्यावं लागलं तर याला कोणी बघायचं?" एवढंच विचारा. तुम्ही ठेवू शकत असाल तर तसं सांगा. नसाल तर खोटा शब्द देऊ नका.

आणि ते दिसलेच नाहीत तर? नाव माहीत नसेल तर चौकशी करणं फार अवघड जातं. नाव माहीत असलं तरी रुग्णालयं अनोळखी माणसाला फार काही सांगत नाहीत, रोग्यानं आधी तसं कळवलेलं असलं तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढच्या वेळी बाटली देताना आपलं नाव सांगा आणि त्यांचं विचारा. ओळख झाली, आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यांची तयारी दिसली, की एका कार्डावर त्यांच्याच सांगण्यावरून लिहा: पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणती औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, कुत्र्याचं नाव, आणि "काही झाल्यास यांना कळवा" म्हणून तुमचा फोन नंबर. झिपच्या पिशवीत घालून द्या, कागद घामानं विरघळतो. ते सदऱ्याच्या खिशात ठेवायला सांगा, ढकलगाडीत नको.